योग सोपा, क्षेम अवघड : महागड्या मोटारीच्या मालकीचा हिशेब

आजचा विषय महागडी मोटार. तत्त्वज्ञानाचा माणूस यावर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. प्रश्न रास्त आहे. इंजिन खोलून बसवणं हे काही आमचं काम नाही. पण ‘माझी गाडी’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्यातल्या ‘माझी’ या शब्दावर आपल्याकडे शेकडो वर्षं वाद झालेला आहे. तो वाद आणि गाडीचं बिल यांचा संबंध जवळचा आहे, एवढंच आज दाखवायचं आहे.

कोल्हापूरला नाद नवा नाही. इथे तालमीचा नाद आहे, घोड्याचा आहे, दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवायचा आहे. त्यात आता मोटारीची भर पडली. शिरोलीत, गोकुळ शिरगावात कुणाची फौंड्री चांगली चालली, कुणाची जमीन रस्त्याला लागली, कुणाचा मुलगा बाहेरून कमावून आला, की दारात तीन टोकांचा तारा नाहीतर चार कड्या येतात. यात वाईट काही नाही. कष्टाचा पैसा आहे, हौस करावी. प्रश्न एवढाच, की हौसेची किंमत आपण कुठल्या दिवशी मोजतो?

योग आणि क्षेम

आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हामुळे ‘योगक्षेम’ हा शब्द आपल्या घराघरात आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र आपण विसरतो. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ स्वच्छ सांगितलेला आहे. जे आपल्याजवळ नाही ते मिळणं हा योग, आणि जे मिळालं ते राखणं हे क्षेम.

आता हे मोटारीला लावून बघा. योगाचा दिवस ठरलेला असतो. हार, नारळ, पेढे, चावीबरोबर फोटो. बँकही योगाला मदत करते, कारण हप्ता ठरलेला असतो. शोरूममधला माणूस योगाबद्दल भरभरून बोलतो. क्षेमाचा मात्र दिवस नसतो. ते हळूहळू, बिलाबिलानं समोर येतं.

योगाचं एक गाजलेलं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी दीडशे मर्सिडीझ गाड्या घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता. त्याची चर्चा देशाबाहेरही झाली. एकत्र येऊन कंपनीशी आणि बँकेशी बोलणी केली, की भाव खाली येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. हुशारीचं काम. पण यात आपल्याला शिकण्यासारखं आणखी एक आहे. अशी एकजूट खरेदीच्या दिवशी करता येते. सहाव्या वर्षी गिअरबॉक्स अडला, की त्या काउंटरवर प्रत्येक मालक एकटाच उभा असतो.

किंमत म्हणजे नेमकं काय?

आकडे घेऊ. समजा, एका मोठ्या पेट्रोल गाडीची शोरूम किंमत ६० लाख आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे या ६० लाखांतले सुमारे १७ लाख आधीच कर आहेत. त्यावर महाराष्ट्रात एकरकमी वाहन कर. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११, १२ किंवा १३ टक्के, डिझेलला १३, १४ किंवा १५. आपल्या उदाहरणात १३ टक्क्यांनी ७ लाख ८० हजार. तीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर कर २० टक्के, म्हणजे १२ लाख. पूर्वी या कराला २० लाखांची कमाल मर्यादा होती, जुलै २०२५ पासून ती ३० लाख झाली.

हे सगळं योगाच्या खात्यात. आता क्षेमाचा पहिला आकडा बघा. विमा कंपन्या गाडीचं विमामूल्य ठरवताना वयानुसार घट धरतात. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, आणि पाच वर्षांपर्यंत ५०. म्हणजे पाचव्या वर्षी त्या ६० लाखांचे कागदावर ३० लाख उरतात. भरलेला वाहन कर त्या मूल्यात धरलेलाही नसतो. बाजारात विकायला गेलात तर पुष्कळदा याहून कमी हातात येतं.

तीस लाख भागिले पाच वर्षं. वर्षाला सहा लाख, महिन्याला पन्नास हजार. एक थेंब पेट्रोल न जाळता, एकही सर्व्हिसिंग न करता. आपली गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरत असेल, तर नुसत्या घसाऱ्याचे किलोमीटरला ७५ रुपये पडले. श्रीमंत माणसालाही हा आकडा माहीत असलेला बरा.

आणि आता खरी गोम ऐका. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, पण सुट्या भागांची उतरत नाही. आठ वर्षांची गाडी पंधरा लाखांना मिळाली म्हणून तिचा हेडलाइट पंधरा लाखांच्या गाडीचा होत नाही. तो साठ लाखांच्याच गाडीचा राहतो. जुनी महागडी गाडी ‘स्वस्तात’ घेणाऱ्यांनी हे वाक्य पाकिटात लिहून ठेवावं.

वॉरंटी कशाची असते?

इथे तीन गोष्टींची सरमिसळ होते. वॉरंटी, सर्व्हिस पॅकेज आणि विमा. तिघांची कामं वेगळी आहेत. भाग मुळातच सदोष निघाला, तर वॉरंटी. तेल, फिल्टर, ठरावीक वेळेची देखभाल यासाठी सर्व्हिस पॅकेज. बाहेरून काही आदळलं, बुडालं, जळलं, चोरीला गेलं, तर विमा. ब्रेक पॅड झिजले, वायपर फाटले, टायर गुळगुळीत झाले, तर यात दोष कुणाचाच नाही, ती झीज आहे. झीज वॉरंटीत बसत नाही.

आपल्याकडचं आणखी एक दुखणं म्हणजे उंदीर. बॉनेटखाली शिरून वायरिंग कुरतडतात. महागड्या गाडीत वायरिंगचा जुडगा सांधत बसत नाहीत, पुष्कळदा अख्खा बदलतात. हे वॉरंटीत येत नाही, कारण उंदीर कारखान्यातून आलेला नाही. (हशा) हसा, पण विम्याच्या कागदात ते बसतं का, हे आजच बघून ठेवा.

मूळ वॉरंटी बहुधा दोन किंवा तीन वर्षांची असते. पुढे पैसे भरून ती वाढवता येते. घ्यावी का? याचं उत्तर गणितात आहे, पण पूर्ण गणितात नाही. समजा, दोन वर्षांच्या वाढीव वॉरंटीला दोन लाख पडतात. समजा, त्या काळात सहा लाखांचं काम निघण्याची शक्यता पाचात एक आहे. सरासरीनं अपेक्षित खर्च एक लाख वीस हजार. मग दोन लाख देणं तोट्याचंच ना? सरासरीनं तोट्याचंच. विकणारा नफा ठेवूनच विकतो. पण तुमच्या दारात सरासरी गाडी उभी नसते, एकच गाडी उभी असते. तिचं काम एक तर निघतं, नाहीतर निघत नाही. म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा आहे : सहा लाखांचं बिल अचानक आलं, तर ते आपण झोप न मोडता देऊ शकतो का? देऊ शकत असाल, तर तेवढी रक्कम बाजूला ठेवा आणि वॉरंटी नाही घेतली तरी चालेल. नसाल, तर वॉरंटी घ्या. आणि वॉरंटीचे दोन लाखही जड वाटत असतील, तर आपली चूक वॉरंटीच्या पानावर नाही, गाडीच्या पानावर आहे.

महागड्या गाडीत हा धोका मोठा का असतो, तेही समजून घेऊ. तिच्यात हवेवर चालणारं सस्पेन्शन असतं, गिअरबॉक्सच्या पोटात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असतं, डझनावारी छोटे संगणक एकमेकांशी बोलत असतात. यातला पाचशे रुपयांचा घटक बिघडला, तरी सुटा घटक मिळतोच असं नाही, अख्खा संच घ्यावा लागतो. आणि पुष्कळदा नवा संच बसवल्यावर त्याची गाडीच्या संगणकाशी ओळख करून द्यावी लागते. ते सॉफ्टवेअर कंपनीकडे.

वाढीव वॉरंटीचा कागद हातात आला, की पाच ओळी शोधा. एकूण दाव्याला मर्यादा किती? सर्व्हिसिंगला उशीर झाला तर ती रद्द होते का? एक भाग बिघडल्यामुळे दुसरा बिघडला, तर दुसऱ्याचे पैसे मिळतात का? गाडी विकली तर ती पुढच्या मालकाकडे जाते का? आणि बंद पडलेली गाडी कोल्हापुरातून अधिकृत वर्कशॉपपर्यंत नेण्याचा खर्च कुणाचा? हा शेवटचा प्रश्न मुंबईकराला पडत नाही. ज्याचं वर्कशॉप पुण्यात आहे, त्याला सव्वादोनशे किलोमीटरचं टोइंग भरावं लागलं, की पडतो.

पुराचं पाणी आणि एक बटण

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. पंचगंगेनं दोन्ही वेळा काय केलं, ते आपण पाहिलेलं आहे. २०१९ ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीत पाणी होतं, शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या.

पूर हा वॉरंटीचा विषयच नाही, तो विम्याचा आहे. साध्या सर्वसमावेशक विम्यात पुराचं नुकसान येतं. पण एक बारीक रेघ आहे. पाणी ओसरल्यावर मालक उत्सुकतेनं स्टार्टचं बटण दाबतो. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन गेलं. विमा कंपनी म्हणते, हे नुकसान पुरानं केलेलं नाही, पुरानंतर तुम्ही केलं. साध्या पॉलिसीत असा दावा बहुधा फेटाळला जातो. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम जादा पैसे देऊन घ्यावं लागतं. पंचगंगेच्या काठच्या माणसानं ते घ्यावंच. आणि कलम असो वा नसो, भिजलेल्या गाडीचं बटण दाबू नये. शक्य असेल तर बॅटरीची तार काढायला लावावी, फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावं आणि गाडी उचलून न्यावी.

पैलवानाला नांगराला जुंपायचं का?

आता तरुण मंडळींचा विषय. त्याच गाडीची जास्त ताकदीची आवृत्ती. एएमजी ही १९६७ साली दोघा अभियंत्यांनी सुरू केलेली, पुढे मर्सिडीझकडे गेलेली कंपनी. बीएमडब्ल्यूचा ‘एम’ विभाग १९७२ चा. दोघांचं मूळ शर्यतीत आहे, आणि शर्यतीची गाडी आणि घरची गाडी यांच्या गरजा वेगळ्या असतात.

कोल्हापूरकराला हे समजावायला तालीम पुरे. खासबागेच्या मातीत उतरणारा गडी वेगळा. त्याचा खुराक वेगळा, मेहनत वेगळी, विश्रांती वेगळी. त्याला बाजाराची पिशवी आणायला पाठवता येतं, पण दूध-बदाम तेवढेच लागतात. एएमजीच्या ए ४५ एस या गाडीत दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनातून ४२१ अश्वशक्ती काढलेली आहे. एवढ्या छोट्या इंजिनातून एवढं काम घ्यायचं, तर आतला दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात. तेल वेळच्या वेळी आणि सांगितलेलंच लागतं, इंधन चांगल्या ऑक्टेनचं लागतं. ऑक्टेन कमी पडलं, तर इंधन नको त्या क्षणी पेटू लागतं. गाडीचा संगणक ते ओळखतो आणि ताकद आवरती घेतो. म्हणजे पैसे ४२१ चे दिले आणि वापरली त्याहून कमी.

इथे आपल्या उसाचा संबंध येतो. आपल्याकडच्या कारखान्यांचं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतं, आता २० टक्क्यांपर्यंत. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं, ही जमेची बाजू. पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून सरासरी थोडी घटते. जुन्या गाडीच्या नळ्या-सीलना ते मानवतं का, हे गाडीच्या पुस्तिकेत किंवा इंधनाच्या झाकणामागे बघावं.

दुसरी तडजोड टायरची. टायरवर २६५/३५ आर २० असं लिहिलेलं असतं. रुंदी २६५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ३५ टक्के, म्हणजे जेमतेम ९३ मिलिमीटर. साध्या गाडीच्या २०५/६५ टायरची भिंत १३३ मिलिमीटर असते. ही भिंत म्हणजे खड्डा आणि चाकाची रिम यांच्यातली उशी. उशी पातळ, की वळणावर गाडी घट्ट राहते, पण खड्ड्यात रिम वाकते. साताऱ्यापासून कागलपर्यंत महामार्गाचं रुंदीकरण चालू असतानाची वळणं ज्यांनी अनुभवली, त्यांना जास्त सांगायला नको. अशा गाड्यांत पुष्कळदा स्टेपनीही नसते. रनफ्लॅट टायर हवा गेल्यावर साधारण ८० च्या वेगानं ८० किलोमीटर जाऊ शकतो. पण भिंतच फाटली, तर गगनबावड्याच्या घाटात रात्री गाडी तिथेच.

तिसरी तडजोड ब्रेकची. वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते. शंभरवरून थांबायला जी उष्णता ब्रेकला पचवावी लागते, तिच्या चौपट दोनशेवरून थांबायला. म्हणून या गाड्यांच्या डिस्क मोठ्या, पॅड मोठे आणि बदलायचा खर्चही मोठा. आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला वेगमर्यादा आहे ताशी १००, घाटात ६०. जी ताकद कायद्यानं आणि रस्त्यानं वापरता येत नाही, तिच्या देखभालीचे पैसे आपण दर वर्षी भरतो.

मग घ्यायचीच नाही का? असं आम्ही म्हणत नाही. ज्याला त्या यंत्राची खरी गोडी आहे, जो कधी शर्यतीच्या ट्रॅकवर नेईल, ज्याला कठीण सस्पेन्शनचा त्रास म्हणजे मजा वाटते, त्यानं जरूर घ्यावी. पण मागच्या सीटवर आईला बसवून डॉक्टरकडे न्यायचं असेल, तर त्याच गाडीची साधी आवृत्ती जास्त चांगली गाडी आहे. स्वस्त आहे म्हणून नव्हे, त्या कामाला योग्य आहे म्हणून.

‘माझी’ म्हणजे काय?

आता सुरुवातीचा शब्द. ‘स्वत्व’ म्हणजे मालकी कशानं ठरते, याचा काथ्याकूट धर्मशास्त्रात आणि न्यायशास्त्रात झाला. मिताक्षरेचा कर्ता विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातला, म्हणजे आपल्या शेजारचाच. त्याचं म्हणणं, मालकी ही लौकिक गोष्ट आहे, ती शास्त्रानं नव्हे, लोकव्यवहारानं ठरते. नैयायिकांनी पुढे चर्चिलेली एक व्याख्या अशी : जी वस्तू आपल्या इच्छेप्रमाणे वापरायला योग्य, तिच्यात आपलं स्वत्व. अॅरिस्टॉटलही ‘ऱ्हेटोरिक’मध्ये जवळ येतो. त्याच्या मते संपत्ती बाळगण्यापेक्षा वापरण्यात असते.

ही कसोटी महागड्या गाडीला लावा. आपल्या शिवाजी उद्यमनगरात इंजिन खोलून बसवणारे पिढीजात हात आहेत. पण ही गाडी त्यांच्याकडे नेली, की वॉरंटी जाईल अशी भीती. सॉफ्टवेअर उघडत नाही, भाग विकत मिळत नाही. मग इच्छेप्रमाणे वापर कुठे राहिला? योग आपला झाला, क्षेम मात्र कंपनीच्या हातात राहिलं. आरसी बुकात नाव आपलं, किल्ली आपली, आणि दुरुस्तीची परवानगी दुसऱ्याची.

ही तक्रार फक्त तत्त्वज्ञाची नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड केला. कारण हेच : सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांना मिळू न देणं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगानं सांगितलं. त्यावर पुढे अपिलं झाली. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिच्या चार क्षेत्रांत मोटारीही आहेत. म्हणजे विज्ञानेश्वराचा प्रश्न अजून संपलेला नाही, फक्त दिल्लीला गेला आहे.

हाताशी असलेला उपाय ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. म्हणजे साठ लाखांच्या गाडीची तक्रार जिल्ह्याच्या पायरीवर घेतली जात नाही. प्रत्येक जॉबकार्ड, प्रत्येक ईमेल जपून ठेवा. तोंडी आश्वासनाला तिथे वजन नाही.

दसरा चौकात शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक येते, ती आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. मेबॅकनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोटारी बनवणं थांबवलं. त्या गाडीला कसली वॉरंटी आणि कसलं सर्व्हिस पॅकेज? तरी ती चालते, कारण तिचं क्षेम कुणीतरी स्वतःकडे घेतलेलं आहे. त्यासाठी पैसा लागतो, माणूस लागतो आणि वेळ लागतो. गाडी राजाची असो की फौंड्रीवाल्याची, हे तिन्ही चुकत नाहीत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शोरूममध्ये जाण्यापूर्वी एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे योग : किंमत, कर, विमा, हप्ता. उजवीकडे क्षेम : पाच वर्षांचा घसारा, वाढीव वॉरंटी, टायरचे दोन संच, ब्रेकचा एक संच, दर वर्षीचा विमा, टोइंग, आणि एक मोठं न सांगता येणारं बिल. आकडे सर्व्हिस काउंटरवर जाऊन विचारा, विक्री काउंटरवर नको. उजवा रकाना बघूनही गाडी हवीशी वाटली, तर बिनधास्त घ्या, आम्हीही पेढा खायला येऊ. उजवा रकाना लिहायचाच टाळावासा वाटला, तर उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे.

प्रश्न असतील तर आता घेऊ.